दोष किडनीचा नव्हे!

घसा दुखतो, ताप येतो आणि एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी होते. मग रंग पूर्ववत होतो आणि आपण विसरून जातो. पण यामागे काय असू शकतं?

१९६८ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातले डॉ. झाँ बेर्जे आणि त्यांच्या सहकारी निकोल अँग्ले यांनी किडनीच्या आजाराच्या काही रुग्णांमधलं एक वेगळंच चित्र जगासमोर मांडलं. चमकणारा रंग लावून त्यांनी किडनीचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्त गाळणाऱ्या भागात आयजीए हे प्रतिपिंड साचलेलं होतं. एरवी हेच आयजीए नाक, घसा आणि आतड्यांचं जंतूंपासून रक्षण करतं!

पुढे बेर्जे यांना दिसलं, की काही रुग्णांना दुसऱ्याची किडनी बसवल्यावर तिच्यातही आयजीए साचतं. म्हणजे मूळ बिघाड किडनीत नाही, तर रोगप्रतिकारशक्तीत आहे. आजची काही नवी औषधं त्या मुळावरच काम करतात.

हा आजार अनेकदा काहीही न दुखता वाढतो. म्हणून लघवी लाल-तपकिरी दिसली किंवा तिला सतत फेस येत असला, तर रंग गेला म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा; लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या.