बर्फावरची स्कूटर आणि आपला अंगठा

मैत्रिणींनो, सहलीला निघताना चिवड्यापासून औषधांच्या डबीपर्यंत सारं आपण आठवणीनं भरतो. काश्मीरला जाणार असाल, तर ‘नाही’ म्हणायची तयारीही बरोबर घ्या.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही गुलमर्गला गेलो होतो. गावात मी रोज स्कूटरवरून शाळेत जाते, म्हणून स्नोमोबाईलवरही ऐटीत बसले. पुढे चाकाऐवजी दोन लांब पाट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. वेग वाढवायचा खटका उजव्या अंगठ्याखाली, ब्रेक डाव्या हाताशी. उतार लागला तशी मी घाबरून मूठ आवळली. झालं! अंगठाही दाबला गेला नि गाडी उसळली. मागे बसलेल्या चालकानं हात घालून इंजिन बंद केलं, म्हणून निभावलं.

पुढचा नंबर आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांचा. चालकाच्या मागे बसायचं, पण डोक्याला हेल्मेट नाही. “अगं, पैसे भरलेत. दहा मिनिटांचा तर प्रश्न!” हे म्हणाले. चारचौघांत मलाही संकोच वाटला. तरी म्हटलं, हेल्मेट असेल तरच बसेल. शोधल्यावर मिळालं की हो!

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. भीती वाटली की आधी अंगठा सोडा. वेग आपोआप उतरतो. इंजिन बंद करणारी दोरी असेल तर ती मनगटाला किंवा कोटाला अडकवायला सांगा. आपण पडलो तर ती निसटते आणि गाडी थांबते. ओढणी, मफलर, वेणी सारं कोटाच्या आत. फिरत्या पट्ट्यात काही अडकता कामा नये. गाडी कलली की पाय टेकवायची आपली स्कूटरची सवय इथं घातक. दोन-अडीचशे किलोच्या धुडाखाली पाय सापडेल! मोजे सुती नकोत, लोकरीचे घ्या. आणि ताजा बर्फ पडल्यावर उभ्या चढाच्या पायथ्याशी जायचा आग्रह कुणी केला, तरी ऐकू नका. फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गच्या वरच्या अंगाला बर्फाचा कडा कोसळून एक परदेशी स्कीपटू दगावला.

चिरंजीव हसत परतले आणि पहिलाच प्रश्न केला, “आई, मघाशी तुझं हेल्मेट कुठं होतं गं?”

मुलासाठी मी भांडले, पण स्वतःसाठी मागायचं सुचलंच नव्हतं. तुम्ही मात्र विसरू नका.