बायोडेटा किती पानांचा असावा?



नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग मागे पडले की भिलाई येते. आपल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग इथल्याच पोलाद कारखान्यात तयार होतो. इथे वसलेल्या मराठी घरांतली मुले आयटीआय होऊन खासगी कारखान्यांच्या फाटकावर बायोडेटा घेऊन उभी राहतात.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला हा बायोडेटा चार-चार पानांचा असतो. जात, धर्म, छंद, शेवटी प्रतिज्ञापत्र. आणि मुलगा फिटर आहे, हे तिसऱ्या पानावर कळते! आमचे मत स्पष्ट आहे. नव्या मुलाला एक पान पुरे, दहा-पंधरा वर्षे काम केलेल्याला दोन. ट्रेड, अप्रेंटिसशिपचे वर्ष, कोणत्या खात्यात कोणत्या यंत्रावर किती वर्षे काम केले आणि फोन नंबर, एवढे पहिल्या अर्ध्या पानात आले पाहिजे. बाकीचे खुशाल गाळावे. रेल्वे व टपाल भरतीची गोष्ट वेगळी. तिथे अर्जाचा नमुना ठरलेला असतो; ग्रामीण डाक सेवकांची निवड तर दहावीच्या गुणांवर होते.

परंतु खरा प्रश्न पानांचा नाही, पुराव्याचा आहे. आपल्यासारख्या कायम कामगाराचा बायोडेटा कार्यालयच लिहीत असते. नेमणूक, बढती, बदली, वेतनवाढ, सारे सेवापुस्तिकेत नोंदले जाते. ठेकेदारी कामगाराचे काय? फाटक तेच, काम तेच; ठेकेदार मात्र बदलत राहतो. वीस वर्षांनी त्याच्या हाती उरतात मुदत संपलेले गेटपास. त्याचा सारा अनुभव एका ओळीत मावतो, आणि त्या ओळीलाही आधार नसतो. मग पाने छंदांनी भरावी लागतात.

१ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून अधिक कामगार ठार झाले. आम्हाला कायम करा, जगण्यापुरते वेतन द्या, ही त्यांची मागणी होती. आमच्या श्रमाची वर्षे कागदावर घ्या, हाच तिचा एक अर्थ.

ठेकेदारी कामगारांसाठीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत काम सुटताना सेवा प्रमाणपत्र देणे ठेकेदारावर बंधनकारक होते. किती जणांना ते मिळाले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत नेमणूकपत्राची तरतूद आहे. अनुभवाचा दाखलाही आहे, पण तो मागितल्यावर. जो मागण्यास घाबरतो, त्याला तो मिळणार कसा? दाखला मागताच काम जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच तो एकट्याने न मागता युनियनमार्फत, सर्वांनी मिळून मागितला पाहिजे.

आपल्या यार्डात, स्थानकावर, टपाल कार्यालयातही ठेक्यावरची माणसे आपल्या शेजारी राबतात. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी द्यावी. वेतनचिठ्ठ्या, भविष्य निधीच्या नोंदी, जुने पास तारखेनुसार लावून घ्यावेत, दाखल्याचे अर्ज एकत्र द्यावेत आणि मग बायोडेटा लिहावा. तो एका पानाचाच होईल, पण त्यातली प्रत्येक ओळ खरी ठरवता येईल.