देव, दानव आणि थेरपिस्ट

"तीन वर्षं थेरपी? पैसे उकळायचे धंदे!" परवा चहा पिताना मित्र म्हणाला. मला नाही पटलं.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात 'स्प्लिटिंग' ही बचावयंत्रणा जोरात असते. समोरचा माणूस एकतर देव, नाहीतर दानव. अधलंमधलं काही नाही. कालपर्यंत देव असलेला थेरपिस्ट, एक अपॉइंटमेंट रद्द झाली की दानव. मग थेरपीच सोडावीशी वाटते. अहो, पण खरं काम तिथेच तर सुरू होतं! तोच माणूस चुकतोही आणि आपलाही असतो, हे पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं. सहा सेशन्समध्ये कसं जमणार?

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात आठवड्याला दोन सेशन्स, तीन वर्षं, इतकी थेरपी दिली. स्कीमा थेरपीवाले जवळपास निम्मे बरे झाले.

मित्राला म्हटलं, आपलं ते जुनं मॉड्यूल बदलायला किती रिलीज लागले, आठवतंय ना?