गाइडातलं उत्तर

तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तेहतीस वर्षं गाइडांशी भांडलो. निवृत्तीनंतर ते भांडण मिटलं असं धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवायला बसलो आणि ते पुन्हा उकरलं गेलं. या खेपेला गाइड वापरणारा मीच होतो.

लॅपटॉप २००८ सालचा. इंटेलचा कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, आत व्हिस्टा. मुलानं घेऊन दिला तो माझ्यासाठी, पण वापरला सौ.ने. दोन पावसाळे बसून तिनं आईच्या आणि मावशीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यावर टंकल्या, चारशेच्या वर. त्या दोघी आता नाहीत. मूळ वहीला वाळवी लागली. म्हणजे ओव्या राहिल्या त्या एवढ्या एकाच डब्यात, आणि त्या डब्यातलं व्हिस्टा एक दिवस उघडेनासं झालं. दुकानदारानं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "काका, भंगारात घाला, आता याचं काही होत नाही."

नातवानं पेनड्राइव्हवर लुबंटू घालून दिलं. हे उबंटूचंच हलकं भावंड, जुन्या यंत्राला झेपणारं. गंमत अशी की, ते आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, जुन्या डिस्कला हात न लावता. पेनड्राइव्ह लावला, यादी आली, पहिलं नाव निवडलं आणि पडदा काळाकुट्ट. पंखा फिरतोय, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, दिसत मात्र काही नाही. सौ. मागे उभी होती. ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, नोमोडसेट टाका." म्हणजे काय करायचं, तर यादी दिसत असताना 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा एक शब्द जोडायचा आणि 'एफ टेन' दाबायचं. तसं केलं, आणि चित्र आलं! सगळ्यात आधी जुनी डिस्क उघडून ओव्यांची फाइल दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. तिनं त्या काळी 'बरहा' वापरून युनिकोडमध्ये टंकलं होतं, त्यामुळे अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उघडलं. मग निर्धास्तपणे डिस्क पुसून लुबंटू बसवलं. मी खूश. दुकानदाराला पेढे नेऊन द्यावेत असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सौ. टंकायला बसली. राहिलेल्या काही ओव्या तिला अजून तोंडपाठ आहेत. पाच मिनिटांत म्हणाली, "अक्षरं अशी लाटल्यासारखी का दिसतात? आणि उजेड कमी करा हो, डोळ्यांत जातोय." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. उजेड कमी करायची कळ दाबली तर ढिम्म. मी म्हणालो, "चालतंय ना? मग झालं!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझे मलाच जुने विद्यार्थी आठवले. "सर, मार्क पडले ना? मग झालं!"

मग वही-पेन घेऊन बसलो. नोमोडसेट म्हणजे नेमकं काय? संगणक सुरू होताना लिनक्सचा गाभा स्वतः पडद्याची मापं ठरवतो आणि चित्रांच्या चिपला कामाला लावतो. त्याला हा शब्द सांगतो, "तू त्यात पडू नकोस." मग यंत्र स्वतःच्या जुजबी पद्धतीनं चित्र दाखवतं. आमचा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा, चित्र आलं १०२४ बाय ७६८ चं, म्हणून ते आडवं ताणलं गेलं. उजेडाची कळही त्याच बाजूला सारलेल्या व्यवस्थेकडे, म्हणून तीही मुकी. थोडक्यात, आजार बरा झालाच नव्हता, रोग्याला गप्प बसवलं होतं. गाइडातलं उत्तर. पास होतो, पण कळत काही नाही.

तो शब्द काढून पुन्हा सुरू केलं. पडदा पुन्हा काळा. या वेळी खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च पडद्यावर तिरका धरला. बघतो तर आत अगदी पुसट चित्र! सौ.ला हाक मारून दाखवलं. चित्र तयार होत होतं, फक्त पडद्यामागचा दिवा पेटत नव्हता. म्हणजे चित्रच नसणं हा एक काळोख आणि चित्र असून दिवा नसणं हा दुसरा. दोन्ही दिसायला सारखे, औषधं वेगळी. हा टॉर्चचा उपाय आधी का सांगत नाहीत? जिथे विचारावं तिथे एकच, 'अमुक टाका'. का टाका, ते कोणी सांगेल तर शपथ.

दिव्याचं औषध असं : 'एसीपीआय', अधोरेखा, 'बॅकलाइट', बरोबरचं चिन्ह आणि 'व्हेंडर', सगळं जोडून. उजेडाची सूत्रं लॅपटॉप बनवणाऱ्याच्या खास पद्धतीकडे द्या, असा त्याचा अर्थ. दिवा पेटला, कळही चालू झाली. तरी चित्र लहानच! मग 'एक्सरँडर' ही आज्ञा दिली. ती जोडलेल्या पडद्यांची यादी देते. त्यात आमचा पडदा होता, आणि 'एसव्हिडिओ' नावानं चक्क एक टीव्ही जोडलेला दाखवत होता. घरात तो टीव्ही नाही, लॅपटॉपला ती खाच नाही. पण इंटेलच्या त्या काळच्या चिपमध्ये टीव्हीची सोय असायची आणि लिनक्सला कधीकधी तिथे नसलेला टीव्ही दिसतो. न आलेल्या पाहुण्याचं ताट मांडून घरच्यांना अर्धपोटी ठेवावं, तसा प्रकार. 'व्हिडिओ', बरोबरचं चिन्ह, 'एसव्हिडिओ', आडवी रेघ, एक, विसर्गासारखे दोन ठिपके आणि 'डी' एवढं लिहिलं की ते ताट उचललं जातं.

यादीत 'ई' दाबून लिहिलेलं त्या एका वेळेपुरतंच असतं. कायमचं करायला ते ग्रबच्या फाइलीत लिहून 'अपडेट ग्रब' करावं लागतं. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत टिपायचा. दोन केले की कोणता लागू पडला ते कळत नाही.

नातवाशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, एवढा वेळ कोणाला आहे? त्याचंही खोटं नाही. नोमोडसेट नसतं तर ओव्या हाती लागल्या नसत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडणाऱ्याला मीही कधी रागावलो नाही. माझा राग वर्षभर तेच वापरणाऱ्यांवर.

आता नातेवाइकांसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं थांबवली, तेव्हापासून तुमच्यापैकी तिघांनी लॅपटॉप विकायला काढल्याचं कळलं. तुमची यंत्रं आमच्यापेक्षा निम्म्या वयाची आहेत. विकण्याआधी एक रविवार द्या, पेनड्राइव्ह मी देतो. पडदा काळा झाला तर मला फोन करायच्या आधी टॉर्च लावून बघा.

सौ.नं काल बारा नव्या ओव्या घातल्या. उजेड तिनंच कमी करून घेतला. पण अक्षरं मापात आली तशी तिला बारीक वाटायला लागली आहेत. म्हणाली, "ती लाटलेलीच बरी होती की हो!" टंकाचा आकार बारावरून अठरावर नेऊन दिलाय.