पडू दे, मग उठवू

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या ओसरीवर चटई पडते आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. भाचा, भाची, त्यांचे दोन मित्र, आणि डन्जन मास्टर म्हणून अस्मादिक. आठवडाभर फायली सरकवणारा कारकून रविवारी राक्षस नाचवतो म्हणून बायको हसते. हसू दे बापडी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती. प्रत्येकाच्या पात्राला ठरावीक हिट पॉइंट असतात. घाव बसला की ते घटतात, शून्यावर आले की पात्र बेशुद्ध. तेव्हा धावून येते ती क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरणारी. आमच्याकडे ती भाची.

परवा ऐन लढाईत ती चिडली. भावाच्या योद्ध्याचे तीन पॉइंट उरले होते. तो म्हणाला, "आत्ता मंत्र फुकट घालवू नकोस. मला पडू दे, मग उठव." ती म्हणाली, "मामा, हा काय प्रकार? माणूस मरायला टेकलाय आणि मी बघत बसायचं?"

पंचाईत अशी की हिशेबाने भाचा बरोबर होता!

हिशेब मांडूनच बघू. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला दिवसाला पहिल्या पातळीचे दोनच मंत्र. 'क्युअर वुंड्स' म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक तिचा गुणांक, तो तीन धरला तर सरासरी साडेसात. ऑर्कच्या कुऱ्हाडीचा घाव सरासरी साडेनऊ. म्हणजे भरलेलं एका घावात वाहून जातं. उलट तीन पॉइंटवाल्याला साडेनऊचा घाव बसू दिला तर तीनच वजा होतात, वरचे साडेसहा माफ. मग साठ फुटांवरून 'हीलिंग वर्ड' उच्चारायचा. चार बाजूंचा फासा अधिक तीन, गडी उभा! त्यात क्लेरिकची मुख्य कृती खर्चच होत नाही, ती त्याच फेरीत गदाही हाणू शकते. मरणाच्या फाशावरची आधीची अपयशंही पुसली जातात. असा गडी एका लढाईत तीनदा पडतो आणि तीनदा उठतो, चेंडूसारखा. पडण्याची भीती उरत नाही आणि भीती गेली की माझे राक्षस नुसते भाजीवाले.

खेळाच्या जन्मी हे दुखणं नव्हतं. १९७४ च्या मूळ नियमांत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला एकही मंत्र नव्हता. मिळाला की एका सहा बाजूंच्या फाशावर एक अधिक, बस्स. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दुसरं टोक आलं. साडेसातशे सुवर्णमुद्रांना 'क्युअर लाइट वुंड्स'ची पन्नास वापरांची कांडी. एका वापराचे सरासरी साडेपाच म्हणजे एकूण पावणेतीनशे पॉइंट, एका पॉइंटला तीन मुद्रासुद्धा नाहीत. लढाई संपली की कांडी फिरवा आणि सगळे ठणठणीत. २००८ च्या चौथीला लोकांनी खूप शिव्या घातल्या, पण तिच्यात एक शहाणपण होतं असं माझं मत आहे. बहुतेक उपचार जखमीच्या स्वतःच्या राखीव ताकदीतून खर्ची पडत. ती संपली की मंत्र असूनही उपयोग नाही.

२०२४ च्या नव्या पुस्तकात 'क्युअर वुंड्स'चे फासे दोन झाले. फार चांगलं केलं. सरासरी बारा म्हणजे पडण्याआधी उपचार करण्यात काही अर्थ आला. पण त्याच हाताने 'हीलिंग वर्ड'चेही दोन फासे केले! म्हणजे वाट बघणाऱ्याचा फायदा जसाच्या तसा.

कोणी म्हणेल, मंत्रच दुबळा करा. मला ते पटत नाही. क्लेरिक घेणाऱ्या पोरीला आधीच सगळे मलमपट्टीला राबवतात, तिच्या हातातलं आणखी काढून घेणं हा अन्याय. किंमत मंत्रावर नको, पडण्यावर हवी.

म्हणून आम्ही नियम केला की शून्यावर जाऊन उठलास तर थकव्याची एक पायरी. नव्या नियमांत एका पायरीला वीस बाजूंच्या फाशावर उणे दोन आणि एका रात्रीच्या पूर्ण विश्रांतीने एकच पायरी उतरते. पहिल्याच रविवारी फरक दिसला. भाचा तीन पॉइंट उरल्यावर स्वतःहून "ताई, जरा बघ ना" म्हणू लागला.

पण नियम निर्दोष नाही. पुढे उभा राहतो तोच जास्त पडतो, मागे लपलेला जादूगार मात्र ताजातवाना. भाचा तिसऱ्या रविवारी उणे चार घेऊन लढत होता आणि तोंड पाडून बसला होता. त्याचंही खरंच आहे.

'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर तोड आहे. एकदा पडून उठलात की 'वुंडेड' हा शिक्का बसतो आणि पुन्हा पडलात तर मरणाच्या एक पायरी जवळ पडता. पहिलं पडणं तसं स्वस्त, दुसरं महाग. त्या धर्तीवर येत्या रविवारपासून आमच्याकडे थकवा एका लढाईतल्या दुसऱ्या पडण्यापासून मोजायचा असं ठरलंय. भाचीने होकार दिला, पण एका अटीवर. आता क्लेरिक भाच्याने घ्यायची आणि कुऱ्हाड तिला द्यायची.