भरल्या गाडीचा उजेड

दिवाळी अंकात दिव्यावर लिहायचे म्हटले की पणती आलीच. पणतीवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा बरे लिहितात. मी लिहिणार आहे मोटारीच्या पुढच्या दिव्यावर, त्यातही पिकपच्या. ‘आमच्याकडे पिकप नाही’ म्हणून निम्मे वाचक येथेच पान उलटायच्या बेतात असतील. त्यांनी थोडे थांबावे. पिकप नसणाऱ्या माणसालाच ती रात्री समोरून भेटते.

मी महाप्यात राहतो. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, दुसऱ्या अंगाला पारसिकच्या डोंगरातून शिळफाट्याकडे जाणारा चढ आणि मधे एमआयडीसीचे कारखाने व गोदामे. रात्री बारानंतर माणसे झोपतात आणि पिकप जाग्या होतात. कुणी पिंपे नेतो, कुणी खोकी, कुणी तुर्भ्याच्या बाजार समितीतून पहाटे भाजी उचलतो. आमच्या आळीतही असा एक पिकपवाला आहे. मनुष्य कष्टाळू, गाडीला जिवापाड जपणारा. पावसाळा सरता सरता त्याचा भाचा शिळच्या रस्त्याने स्कूटरवरून येत होता. वळणावर समोरून कसलीशी मालगाडी आली, तिचा झोत थेट डोळ्यांत गेला आणि पोराला रस्त्याची कड दिसेना. कडेच्या खडीत स्कूटर घसरली, मनगटाचे हाड मोडले. गाडी कुणाची होती ते कळले नाही. मामाने दोन दिवस त्या अज्ञात ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिसऱ्या दिवशी मी त्याला सहज विचारले, “रात्री भरलेल्या गाडीसमोर कधी उभे राहिलात का हो?”

“आपलीच गाडी, काका. तिच्यासमोर कशाला उभा राहू?”

त्या रात्री माल भरून झाल्यावर कारखान्यांमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने गाडी उभी केली, दिवे डिपरवर ठेवले आणि साठ पावले पुढे जाऊन मागे वळला. वळल्याबरोबर त्याचा हात डोळ्यांवर गेला. थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, “काका, हा तर डिपर आहे. मग समोरचे मला सारखे अप्पर का मारतात ते आज कळलं. मला वाटायचं, माजलेत.”

यात त्याचा दोष थोडा आणि पाट्यांचा अधिक. पिकप ही ओझ्यासाठी केलेली गाडी. सव्वा टन माल टाकला की मागचे पाटे दबतात, मागची बाजू बसते आणि नाक वर होते. दिवे नाकावर. त्याच्या गाडीची मागची बाजू पुढच्या मानाने सहा सेंटीमीटर जास्त बसत होती. आम्ही टेप लावून पाहिले. दोन चाकांमधले अंतर सुमारे तीन मीटर. तीन मीटरला सहा सेंटीमीटर म्हणजे शंभराला दोन.

आता आकडेमोड पाहा, अवघड नाही. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर आहे. नीट लावलेल्या डिपरच्या उजेडाची वरची कड दर दहा मीटरला दहा सेंटीमीटर खाली उतरावी, असा साधारण हिशेब असतो. म्हणजे पन्नास मीटरवर ती कड ४० सेंटीमीटरवर येते, स्कूटरच्या चाकाच्या आसपास. माल भरल्यावर तीच कड उतरायची सोडून तितकीच चढू लागते आणि पन्नास मीटरवर १४० सेंटीमीटरवर जाते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे तेथेच असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर तोडते आणि दिपलेले डोळे ठिकाणावर यायला कित्येकदा याहून जास्त वेळ लागतो. वय वाढले की आणखी जास्त. तेवढे अंतर मनुष्य आंधळाच जातो म्हणा.

कायदा यावर गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या १०६व्या नियमाने रस्त्यावर एक अदृश्य गृहस्थ उभा केला आहे. तो दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला असतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात. उजेड कायम असा खाली वळवलेला हवा की या गृहस्थाचे डोळे दिपू नयेत. मला हा गृहस्थ फार आवडतो. पण वरच्याच हिशेबाने भरलेल्या पिकपची कड आठ मीटरवर ९८ सेंटीमीटरपर्यंतच पोचते. गृहस्थाच्या जेमतेम पोटापर्यंत. त्याला काही होत नाही, पन्नास मीटरवरच्या पोराला होते. तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबून चालायचे नाही.

बरे, दुरुस्ती घरी होते का? होते. रविवारी दुपारी आम्ही एका बंद गाळ्याची सपाट भिंत गाठली. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी लावून चाकांखालची जमीन आणि भिंतीचा पाया एका पातळीत असल्याची खात्री केली. हे टाळले तर पुढचे सगळे फुकट. चारही चाकांत हवा नेमकी भरली, ड्रायव्हर सीटवर बसला आणि मुख्य म्हणजे रात्री नेतो तेवढाच माल मागे ठेवला. बहुतेक ठिकाणी रिकामी गाडी उभी करून फोकस सेट करतात आणि भरलेली गाडी रस्त्यावर सोडतात. माझ्या मते अर्धे रडगाणे येथेच आहे.

नाक भिंतीला टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्यावर खडूने खुणा केल्या, मग गाडी सरळ पाच मीटर मागे घेतली. दहा मीटर मिळाले तर उत्तम, पण महाप्याच्या गल्लीत दहा मीटर कोण देणार? पाच मीटरला पाच सेंटीमीटर उतार. खुणांच्या तेवढे खाली आडवी रेघ मारली. अंधार पडल्यावर एकेका दिव्यासमोर पुठ्ठा धरून दुसरा पाहिला. दिव्याच्या पाठीशी दोन स्क्रू असतात. एक वरखाली करतो, एक डावीउजवीकडे. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरच्या उजेडाची कड उजवीकडे आडवी आणि डावीकडे चढती असते. पायी जाणारा डावीकडे दिसावा आणि समोरच्याचे डोळे वाचावेत, अशी ती योजना. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा कुणी स्वस्तात आणून बसवला तर चढती बाजू नेमकी समोरच्यावर येते. मग स्क्रू फिरवून उपयोग नाही.

बल्बचेही तसेच. एच-४ हॅलोजन बल्बची तार कुठे असावी हे मिलिमीटरने ठरलेले असते आणि खाचेत तो तिरका बसला की कड विस्कटते. त्याच काचेत बाजारातला पांढराफेक एलईडी कोंबला तर उजेड चहूकडे सांडतो. ड्रायव्हरला वाटते रस्ता उजळला. पूर्वी ट्रकच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवत. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटसाठीही मुंबईत दिवे काळे केले होते. त्याने उजेड कमी होतो, त्याची दिशा सुधारत नाही.

एक शंका पिकपवाल्याने रास्त काढली. “माल उतरल्यावर नाक खाली येणार. मग मला काय दिसेल?” खरे आहे. रिकाम्या गाडीची कड आता शंभराला तीन उतरते, म्हणजे तीस मीटरवर उजेड संपतो. ज्या गाड्यांत दिवे वरखाली करायचे बटण डॅशबोर्डवर असते, त्यांनी ते वापरावे. शून्यावर रिकामी गाडी, माल वाढेल तसा आकडा वाढवायचा. याच्या गाडीतले बटण केव्हाच बंद पडलेले. पण हा रात्री भरून जातो आणि उजाडल्यावर रिकामा येतो, म्हणून दिवे भरल्या गाडीलाच लावले. रात्री रिकामे यायची वेळ आली तर स्क्रू किती फेरे उलटा फिरवायचा तेही मोजून त्याने बोनेटच्या आत रंगाने लिहून ठेवले.

भिंतीवरची रेघ पाहून शेजारचा छोटा हत्तीवाला परवा आपली गाडी तिच्यासमोर लावू लागला. त्याला थांबवावे लागले. त्याच्या गाडीचे दिवे मुळातच बरेच खाली आहेत. त्याची रेघ वेगळी मारावी लागेल, आणि तीही माल भरल्यावर.