जुनी लिफ्ट घेताना

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घ्यायचे, पाच-सात वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे करायचे, आणि मग घराशेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकून स्वतःचे काम सुरू करायचे. आपल्याकडील कितीतरी मुलांनी ही वाट धरली आहे. काम वाढले की गाडीखाली पाठीवर सरपटत जाणे नकोसे होते. खड्डा खणावा तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे त्यात साचून राहते आणि एक ठिणगीसुद्धा घात करते. अशा वेळी कुठूनतरी बातमी येते की अमुक गॅरेज बंद होत आहे आणि त्यांची दोन खांबांची लिफ्ट स्वस्तात निघाली आहे. घरात बैठक बसते. वडिलांच्या फंडातले थोडे, आईच्या भिशीतले थोडे, असे पैसे गोळा होऊ लागतात.

मित्रहो, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ही वस्तू शिलाई मशीनसारखी नव्हे. ती बिघडली तर काम अडते एवढ्यावर भागत नाही. तिच्याखाली आपला मुलगा उभा असतो. म्हणून विसार देण्याआधी काय पाहावे, ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, लिफ्ट जागेवर उभी असतानाच पाहावी. खोलून, रंग मारून, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लिफ्टबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही. विकणाऱ्याला सांगावे की गाडी चढवून दाखवा. गाडी वर जाताना दोन्ही बाजू सारख्या वर गेल्या पाहिजेत. एक बाजू मागे राहत असेल तर दोन्ही बाजूंना बरोबर ठेवणारी वायर रोप किंवा साखळी सैल झाली आहे, नाहीतर झिजली आहे. ही चाचणी चालू असताना कोणीही गाडीखाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट खटक्याची, आणि ती सर्वांत मोठी. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये दोन्ही खांबांत लोखंडी खटके असतात. लिफ्ट वर जाताना ते टप्प्याटप्प्याने खट् खट् पडतात. गाडी हव्या त्या उंचीवर नेल्यावर थोडी खाली सोडून खटक्यांवर बसवायची असते. तेल फक्त उचलण्यासाठी असते, धरून ठेवण्याचे काम खटक्याचे. आवाज दोन्ही खांबांतून येतो का, हे कान देऊन ऐकावे. गाडी लवकर खाली घेता यावी म्हणून काही ठिकाणी खटका तारेने बांधून ठेवलेला असतो. तो तसा दिसला तर समजावे की ती लिफ्ट बेफिकीर माणसांनी वापरली आहे.

स्क्रूवर चालणाऱ्या लिफ्टची गोष्ट वेगळी. तिथे मुख्य नटाखाली एक सुरक्षेचा नट असतो. मुख्य नट झिजत जातो तसे या दोहोंमधले अंतर कमी होते. किती अंतर राहिले म्हणजे नट बदलायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते अंतर मोजल्याशिवाय भाव बोलू नये.

तिसरी गोष्ट लोखंडाची. हातांची मुळे, खांबाची बैठक आणि वर-खाली सरकणारा गाडा येथील वेल्डिंग टॉर्च लावून पाहावे. तडा, वाक किंवा मागाहून मारलेले वेल्डिंग दिसले तर हात जोडून परत यावे. रंग फक्त एवढ्याच ठिकाणी ताजा असेल तर शंका घ्यावी. वायर रोपवरून जाड फडके फिरवावे, उघडा हात नको. तुटलेली तार फडक्यात अडकते. गाडी उचलल्यावर हात बाजूला सरकू नयेत म्हणून दातांचे लॉक असते, तेही ओढून पाहावे. कंपनीची पाटी शाबूत हवी. पाटीवर ४ टन लिहिले असेल तर त्याचा अर्थ प्रत्येक हाताला १ टन असा होतो. इंजिन ज्या बाजूला असते तिकडच्या हातांवर भार जास्त येतो, हे विसरू नये.

तेलाची सील, रबराचे पॅड, नायलॉनचे तुकडे, पाईप हे सर्व बदलता येते. त्यात दोष निघाला तर खर्च काढून तेवढी किंमत कमी करून घ्यावी. लोखंडाच्या तड्यावर मात्र घासाघीस करू नये. तिथे किंमत कमी होत नाही, व्यवहारच मोडतो.

आता आपल्या जागेकडे वळू, कारण निम्मी लिफ्ट जमिनीत असते. गाडीचा भार खांबाच्या आतल्या बाजूला येतो आणि खांबाला आत वाकवू पाहतो. त्याला धरून ठेवतात ते अँकर बोल्ट, आणि बोल्टला धरून ठेवते काँक्रीट. मुरुमावर घातलेला दोन इंचांचा कोबा किंवा शहाबादी फरशी इथे कामाची नाही. जाडी कंपनीनुसार बदलते, पण ४ इंचांहून कमी काँक्रीटवर खांब उभा करू नये, आणि पुस्तिकेत ६ किंवा ८ इंच म्हटले असेल तर तेवढेच घालावे. नवे काँक्रीट २८ दिवस मुरू द्यावे. बोल्ट नवेच घ्यावेत, जुन्या लिफ्टबरोबर आलेले भंगारात टाकावेत. बोल्ट तड्याजवळ किंवा काँक्रीटच्या कडेला येऊ देऊ नये.

उंचीही मोजावी. लहान गाडी जवळजवळ ५ फूट उंच असते, आणि खाली माणूस उभा राहायचा तर ती ६ फूट वर हवी. म्हणजे पत्रा सर्वांत खाली उतरतो तिथेही ११ फुटांच्या वर जागा पाहिजे. वरून आडवी पट्टी असलेल्या लिफ्टला याहूनही जास्त लागते.

मोटार थ्री फेजची असेल तर तसे कनेक्शन लागेल. ते कोणत्या वर्गात बसते हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारावे. मंजुरी एका कामाची आणि वापर दुसऱ्या कामाचा असे झाले, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

शेवटी कागदावर बेरीज मांडावी. लिफ्टची किंमत, खोलणे, टेम्पो, काँक्रीट, बोल्ट, बदलायचे सुटे भाग, वीज आणि बसवणाऱ्या जाणकार मिस्त्रीची मजुरी. ही बेरीज नव्या लिफ्टच्या जवळ गेली तर जुनी स्वस्त नाही. बिल किंवा निदान सहीचा कागद घ्यावा.

आणि बेरीज जमली नाही, जमीन कच्ची निघाली किंवा पत्रा खाली आला, तर वाईट वाटून घेऊ नये. सपाट जागा, चांगला जॅक आणि गाडीखाली चार मजबूत लोखंडी स्टँड, एवढ्यावरही प्रामाणिक कारागिराचे नाव होते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र क्षणभरही शिरू नये. लिफ्ट वर्षभराने घेता येईल. घरातल्या आईने, बहिणीने, पत्नीने मुलाला एवढेच विचारावे, "खटका पाहिलास का? जमीन मोजलीस का?" दोन्हींचे उत्तर होय आले, तरच भिशीचे पैसे काढावेत.